पहिल्या वर्षाने बोलायचं नाही

त्या सकाळी मी हसलो होतो. हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

बोईसरचं हॉस्पिटल. मोठे सर यायच्या आधी सिनियर डॉक्टर राऊंड घेत होता. माझ्याबरोबर पहिल्या वर्षात शिकणारी, जव्हारकडच्या आदिवासी पाड्यावरून आलेली डॉक्टर मुलगी म्हणाली, "याला आज घरी सोडायला नको. श्वास वाढतोय." पेशंट तारापूरच्या कारखान्यातला कामगार. आदल्या दिवशी विषारी वायू छातीत गेलेला.

सिनियरने तिच्याकडे पाहिलंही नाही. "मॅडम, इथे जडीबुटी शिकवत नाहीत. पहिल्या वर्षाने मागे उभं राहायचं." मग माझ्याकडे वळून, "काय काका, बरोबर ना?"

सगळे हसले. मीही.

मीही पाड्यावरचाच. बापाचा ताप जडीबुटीनेच उतरायचा. सफाळ्याकडच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून वर्षानुवर्षं काढून, चाळिशी उलटल्यावर पुढचं शिकायला आलो. सिनियर माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याचा बाप बडा डॉक्टर, परीक्षक त्यांच्या घरी जेवणारे. "काका, टीममध्ये राहायचं तर ऐकायचं," म्हणायचा. चहा मी आणायचो. मी तपासलेलं तो सरांना स्वतःचं म्हणून सांगायचा. मी मान डोलवायचो. परीक्षेलाच बसू दिलं नाही तर? गावात कुठल्या तोंडाने जाऊ? राऊंडच्या आधी मागची जागा धरून ठेवायचो. रोज.

तिने मला जिन्यापाशी गाठलं. रागात घरची बोली तोंडात आली. "दादा, तुमी हसलात? तो मरंल ना! तुमाला दिसत नाय?"

दिसत होतं. केंद्रात असा एक पाहिला होता. आधी माणूस बरा वाटतो. मग छातीत पाणी भरतं.

कामगार चपला घालून खाटेवर बसलेला. मला म्हणाला, "साहब, अंदर कुछ कस रहा है."

सर आले. सिनियर म्हणाला, "स्टेबल आहे, सर. घरी सोडतोय." ती पुढे सरकली. त्याने हात आडवा घातला. गुरं अडवतात तसा.

परीक्षा डोळ्यांपुढे आली. तरी बोललो.

"नाही, सर. हा वाटेत मरेल. मी सोडू देणार नाही."

"काका, संपलात तुम्ही," सिनियर कानाशी पुटपुटला.

सरांनी स्टेथो लावला. चेहरा उतरला. दुपारी त्या माणसाला व्हेंटिलेटर लागला. जगला.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचा अनुभव कामी आला."

मी म्हणालो, "थँक यू, सर." ती माझ्या मागेच उभी होती.

चहा आणणं मी बंद केलंय. सिनियर दिसला की अजून छाती धडधडते. धडधडू दे. उद्याच्या राऊंडला सगळ्यांसमोर सांगणार आहे: तो धोका आधी तिने ओळखला. श्रेय मी खाल्लं. तिचं तिला द्यायचं अजून बाकी आहे.