डॉक्टरांच्या जीपची चासी

गॅरेजात काम करणाऱ्याला किस्से शोधायला जावं लागत नाही. नखात ग्रीज साठतं तसे ते साठतात आणि कितीही घासलं तरी थोडे उरतातच. माझे बहुतेक आमच्या पांडू मिस्त्रीचे. लढाई संपली, मी फौजेच्या मोटार खात्यातून घरी आलो आणि साताऱ्यात त्याच्या हाताखाली लागलो, तेव्हापासूनचे.

मिस्त्रीचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. गाडी आली की मालकाला रामराम घालायच्या आधी तो खाली शिरायचा आणि लहान हातोडीनं चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, ठोकत जायचा. चांगलं लोखंड खणखणतं, गंजलेलं बद्द वाजतं. मालक काय सांगतो ते तो नंतर ऐकायचा, तेही एका कानानं.

*

एकदा मिस्त्रीच्या पुतणीसाठी स्थळ बघायला आम्ही सांगलीला गेलो. मुलाकडच्यांनी मिस्त्रीला मानानं लोखंडी खुर्ची दिली. त्यानं वाकून तिच्या पायावर टिचकी मारली, कान लावला आणि खाली सतरंजीवर मांडी घातली. मुलाच्या मामांना तो अपमान वाटला. ते तरातरा आले आणि स्वतः त्या खुर्चीवर बसले. पुढचं सांगायला नको! मामांना उठवता उठवता मिस्त्री माझ्या कानात म्हणाला, "पोरगंबी ठोकून बगाय पायजे रं."

*

मेढ्याच्या डॉक्टरांनी लढाईतली एक जुनी जीप सांगलीच्या दलालाकडून घेतली आणि आमच्याकडे आणली. डोंगरातल्या वाड्यांवरच्या अडलेल्या बायका झोळीत घालून खाली आणाव्या लागायच्या. त्यातल्या दोघी वाटेतच गेल्या होत्या. पावसाळ्याच्या आत गाडी घाटाला लागली पाहिजे, एवढंच डॉक्टरांचं म्हणणं होतं.

दलालानं त्यांना सांगितलं होतं, गाडी थेट कलकत्त्याच्या फौजी लिलावातून आलीय, कुणाचा हात लागलेला नाही. चासीला ताजा काळा रंग होता. मिस्त्रीची हातोडी दोनदा खणखणली, तिसऱ्यांदा बद्द वाजली. छिन्नी लावली तर लोखंडाचा पापुद्राच सुटून आला आणि आत डांबरात बुडवलेलं गोणपाट कोंबलेलं निघालं. मिस्त्रीनं ते ओढून काढलं, हुंगलं आणि डॉक्टरांच्या नाकाशी धरलं.

गोणपाटाला हळदीचा वास येत होता! म्हणजे कलकत्त्याची गाडी झाकपाक करून घेतली होती सांगलीच्या हळदीच्या बाजारात.

"डॉक्टरसाहेब," मिस्त्री म्हणाला, "पानी आतनं मुरलंय. अशीच नेली तर घाटात दोन तुकडं हुतील."

*

त्या दिवसापासून डॉक्टरांचा दलालावरचा विश्वास उडाला, आणि त्याच्याबरोबर आमच्यावरचाही. पुढच्या रविवारी ते छाती तपासायची नळी घेऊनच आले. मिस्त्रीनं ठोकायचं, त्यांनी नळी लावून ऐकायचं. मिस्त्री मनातून भयंकर चिडला होता. डावी बाजू दोघांनीही खराब ठरवली. उजवी चांगली आहे, असं मिस्त्री म्हणाला. डॉक्टरांनी नळी पुढेमागे सरकवली आणि मान हलवली.

"उजवीकडे कफ आहे," ते म्हणाले.

कापून बघितलं तर आत ओंजळभर चिखल आणि गंजाचा भुगा. मिस्त्रीनं दोन दिवस हातोडीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं मला विचारलं, ही नळी कुठं मिळते.

*

डॉक्टरांना दवाखाना सोडून रोज येता येईना, म्हणून त्यांनी आईला पहाऱ्याला बसवलं. काकू साताऱ्यात धाकट्या मुलाकडे असायच्या. सकाळी स्टूल टाकून बसायच्या, त्या संध्याकाळीच उठायच्या. पाटल्या मोडायला सोनाराकडे बसावं तशा. खडूनं त्यांनी चाकांवर, सीटवर, एवढंच काय दिव्यांवरही खुणा करून ठेवल्या होत्या.

आम्ही सडका भाग कापून काढला तर त्या म्हणाल्या, कापलेलं सगळं परत द्यायचं. मिस्त्रीनं समजावलं की तो नुसता गंज आहे, भंगारवालाही घेणार नाही. काकू म्हणाल्या, तुटफुटीतच तुम्हा लोकांचं साधतं, मला ठाऊक आहे. शेवटी गंजाचं गाठोडं बांधून मी टांग्यापर्यंत पोचवलं. घरी नेऊन त्यांनी ते लिंबाच्या बुडात घातलं म्हणे.

*

आता माझ्यावरच्या संशयाचं सांगतो. मिस्त्री जातीचा लोहार, त्याचा भरवसा फक्त ठोकून बसवायच्या रिव्हेटवर. फौजेत शिकलेलं माझं गॅस वेल्डिंग त्याला जादूटोण्यातलं वाटायचं. रिव्हेट डोळ्याला दिसतो, वेल्डिंगच्या पोटात काय आहे कुणाला ठाऊक, असं तो म्हणायचा. त्यानं नवी पट्टी सगळीकडे रिव्हेटनंच बसवली. पण डाव्या बाजूला एक जागा अशी होती की चासी दोन्हीकडून बंद, रिव्हेटला मागून टेकू द्यायला आत हात जाईना. तिथं वेल्डिंगच हवं होतं.

मी वेल्ड मारला. त्यानं ठोकला, तोंड वाकडं केलं आणि कापायला लावला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मला रडू यायचं बाकी होतं. चौथ्या वेळी त्यानं बराच वेळ ठोकलं, मग म्हणाला, "रंग लाव." चांगलं झालं की वाईट, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. जीप मेढ्याला गेली.

*

मिस्त्रीचं गाव मेढ्याच्या वर डोंगरात. त्याची एकुलती लेक सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. गावची जत्रा होती म्हणून त्यानं मलाही बरोबर नेलं होतं. जत्रेच्या सकाळीच सगुणाला कळा सुरू झाल्या. दुपार झाली तरी सुटका होईना. निरोप गेला, डॉक्टर जीप घेऊन वर आले. तपासून म्हणाले, मूल आडवं आहे, आत्ताच्या आत्ता साताऱ्याला हलवायला हवं.

बायकांनी सगुणाला मागं गादीवर निजवलं. डॉक्टरांनी इंजिन चालू केलं. तेवढ्यात मिस्त्री पळत घरात गेला, हातोडी घेऊन आला आणि जीपखाली शिरला. डॉक्टर ओरडले, इंजिन बंद करून कपाळाला हात लावून बसले. मिस्त्री उजवीकडून ठोकत आला. एकेक रिव्हेट, एकेक पट्टी. मी शेजारी उकिडवा बसलो होतो. सगळं खणखणत होतं. वर सगुणा विव्हळत होती.

डाव्या बाजूला माझ्या वेल्डपाशी येऊन त्याची हातोडी थांबली. त्यानं तिथून नुसता अंगठा फिरवला आणि बाहेर आला.

मी म्हणालो, "मिस्त्री, ती जागा ऱ्हायली."

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. हातोडी माझ्या हातात दिली आणि लेकीचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसला.