ठकूबाईचं उत्तर

१९८२ साली आखातातल्या फहाहीलच्या आमच्या हॉस्पिटलात ठकूबाई आया होती. गुहागरकडची, पन्नाशीची, अंगठाबहाद्दर. बेडपॅन उचलतानाही पेशंटशी गावच्या बोलीत नाही तर मोडक्या हिंदीत गप्पा चालू. तिच्या नवऱ्याची, सखारामची पैसे मागणारी पत्रं मी वाचायची, उत्तरंही मीच लिहायची. माझ्यावाचून तिचं पान हलत नसे, आणि मला ते फार आवडायचं.

मग फिलिपिन्सची नर्स लीना आली. दर शुक्रवारी क्वार्टर्समध्ये ती आपल्या देशातली एक कादंबरी थोडी थोडी इंग्रजीत सांगायची, आणि ठकूबाईसाठी मी त्याचं मराठी करायची. नुसत्या गोष्टीवर लीनाचं भागत नसे. "ही बाई नवऱ्याची वाट बघते, म्हणून लेखकाने तिला देवी केलं," ती म्हणायची. "पण बारा वर्षं घर कुणी चालवलं? तिला काय हवंय, हे पुस्तकात कुणी विचारतं का?" घसा माझा सुकायचा, शब्द माझे, आणि ठकूबाई म्हणायची, "लीनाबाय काय बोलते गो!" माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यातच सखारामचं पत्र आलं. बारा वर्षं दुसरीबरोबर राहिला. आता ती सोडून गेली, हा आजारी पडला. तर नोकरी सोड आणि ये. मी पेन उघडलं, पण ठकूबाईने थांबवलं. "गोष्ट संपू दे. त्या बाईचं काय होतं बघू."

म्हणजे सल्लासुद्धा लीनाचाच! इतकी वर्षं मी काय झोपा काढत होते?

शेवटच्या शुक्रवारी लीनाने सांगितलं, नवरा परत येतो, तेव्हा ती बाई म्हणते, "भात झाकून ठेवलाय," आणि आपली होडी काढून मासळीला जाते. मी मराठी केलं, "ती त्याच्या पाया पडली आणि ढसाढसा रडली." लीनाच्या बाईला एकदा तरी रडवायचंच होतं मला.

संध्याकाळी ठकूबाई कोरा कागद घेऊन आली.

"लिही, प्रेमाबाय. येत नाय म्हणून लिही."

"पण ती तर पाया पडली ना?"

"तू पाडलीस. सांगताना लीनाबाय हसत व्हती. पाया पडणाऱ्या बाईचं सांगताना ती हसायची नाय."

मी मान खाली घालून लिहिलं.

"आता वाचून दाखव," ती म्हणाली. असं तिने आजवर कधी म्हटलं नव्हतं. मी वाचलं, अक्षर न् अक्षर. तिने कागद उचलला आणि शेजारच्या खोलीतल्या रेखाकडे गेली, तेच पुन्हा वाचून घ्यायला.