फेट्याखालची कोरी जागा

रोज एक चित्र काढायचं असं मी ठरवलं आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. वडीगोद्रीच्या दुकानातून वही आणली, दोन पेन्सिली आणल्या. पहिले चार दिवस पातेलं, लेकीची चप्पल, शेळी असं दिसेल ते काढलं. पाचव्या दिवशी जो कंटाळा आला तो काही जाईना. मग शक्कल लढवली. सासऱ्यांना म्हटलं, "मामा, रोज पाच वाजता अंगणात बसाल का? तुमचं चित्र काढते." कुणी वाट बघत असलं की आपल्याला उठावंच लागेल, असा माझा हिशोब.

मामांनी ते भलतंच मनावर घेतलं. जन्मभर मेंढरांमागे हिंडलेला माणूस. फोटो एकच, आधार कार्डावरचा, आणि त्यात आपण चोर दिसतो ही त्यांची कायमची तक्रार. पाचला दहा मिनिटं कमी असतानाच फेटा बांधून खुर्चीत हजर! आणि मी? धुतलेली भांडी परत धुतेय. ज्याला नुसतं बसायचंय तो रोज बसतो आणि जिला हौस ती मोरीत दडते. असा संताप यायचा स्वतःचा!

"आज न्हाई का?" ते अंगणातूनच विचारायचे.

"आज उजेड कमी हाये, मामा."

"बरं. मंग उद्या."

बाहेर लख्ख ऊन असायचं.

मी कधी बसलेच, तर फेट्यापासून सुरुवात करायची. एकेक पीळ नीट रेखाटायचा आणि फेटा संपला की हात थांबायचा. चेहरा उद्या. दोन महिन्यांत वहीत अकरा फेटे जमले.

एका संध्याकाळी त्यांनी वही मागितली आणि सगळी पानं उलटली. "फेटा बराबर जमलाय," म्हणाले. "पण ह्याच्याखाली कुणीच न्हाई की, माय. मी कुठं गेल्तो?"

"हातच चालत न्हाई, मामा. कंटाळा येतो."

"कंटाळा न्हाई तो. तू बघतच न्हाईस. फेटा बघती अन् मान खाली घालती."

लग्नाला बारा वर्षं झाली. डोक्यावर पदर घेऊन या माणसाला दोन्ही वेळचं ताट वाढलं. त्यांचा खोकला ओळखते, पावलं ओळखते, पण चेहरा कसा आहे असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सासऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, हे इतकं अंगवळणी पडलेलं, की त्यालाच आळस समजून मी दोन महिने स्वतःला शिव्या घालत होते.

"बघ," ते म्हणाले. "बघितल्याबिगर कसं काढशील?"

पदर मागे सारला, धीर करून मान वर केली. आणि मामा बघताहेत खाली! नजर थेट जमिनीवर. सुनेकडे बघायचं नाही, हे त्यांच्याही अंगात मुरलेलं.

माझं डोकंच सणकलं. "मामा, आता तुम्ही तरी वर बघा की!" मी चक्क ओरडले.

त्यांनी दचकून वर पाहिलं. डोळे घारे होते, हुबेहूब माझ्या लेकीचे.