गारठलेली बाईक

आठवी सोडून परभणीहून आलेल्या मला अंधेरीच्या कारखान्यात कायम करायचं ठरत होतं. त्या आठवड्यात एकही लेटमार्क चालणार नव्हता. मी राहायचो त्या बोरीवलीत कडाक्याची थंडी पडली होती, म्हणजे लोकांनी पंखे बंद केले होते. बाईक सुरूच होईना. किक मारून मारून मला घाम फुटला.

"इंजिन गारठलंय रे," माकडटोपी घातलेले शेजारचे काका म्हणाले. काकूंनी इंजिनावर शाल टाकली.

मग आठवलं, पेट्रोल गळू नये म्हणून गावच्या सवयीने रात्री टाकीचा कॉक मीच बंद केला होता. गुपचूप फिरवला आणि बाईक सुरू झाली.

वीस मिनिटं उशीर झाला. मफलर गुंडाळलेले सुपरवायझर म्हणाले, "थंडीत गाड्या त्रास देतातच. लेटमार्क नाही लावत, चहा घे."

मी हुडहुडी भरल्यासारखं केलं आणि मनातल्या मनात त्यांना हात जोडले.