एकाच पोरीच्या दोन उंच्या

सारसोळ्याच्या चांगदेवला कोणी वजन सांगितलं, की तो आधी काट्याकडे बघायचा आणि मग सांगणाऱ्याच्या तोंडाकडे. पेट्रोल भरताना टेम्पोतून उतरून आकड्यासमोर उभा राहायचा. गॅसचा सिलेंडर आला, की तो उचलून हलवून बघितल्याशिवाय पोऱ्याला जाऊ द्यायचा नाही. बायको धोंडूबाई म्हणायची, "तुमी लग्नात मना पन तोलूनच घेतली असंल."

हा संशय त्याला बापाकडून आला होता. मिठागराच्या अंगाला त्यांचा जमिनीचा तुकडा होता. नवं शहर उभं राहायचं ठरलं, तेव्हा मोजणी झाली आणि तुकडा म्हाताऱ्याच्या समजुतीपेक्षा दोन गुंठे कमी भरला. तो कमी होता की म्हाताऱ्याचीच समजूत चुकीची होती, हे कधी कोणाला कळलं नाही. पण म्हातारा मरेपर्यंत म्हणत राहिला, "मोजनीची साकली ओढनारा आपला नवता. मोजनारा खातो." खाडीत जाळं लावून भागेना, तेव्हा चांगदेवने मासळीसाठी टेम्पो घेतला. धंदा बदलला, पण ते वाक्य तसंच राहिलं.

त्याची मुलगी रुतिका आणि त्याच्या विधवा बहिणीची, पुतळाची, मुलगी सुनयना एकाच वर्षाच्या. घरं भिंतीला भिंत लागून. दोघी एकमेकींचे ड्रेस घालायच्या, कुठे आखूड नाही की लांब नाही. दोघींनी एका सुरक्षा दलाच्या भरतीचा फॉर्म भरला. मुलींसाठी उंची एकशे पंचावन्न सेंटिमीटर हवी होती. चांगदेवच त्यांना टेम्पोने मैदानावर घेऊन गेला.

सुनयनाचा नंबर सकाळच्या पहिल्या तुकडीत लागला. एकशे पंचावन्न पॉइंट दोन. पास. रुतिका ऊन चढेपर्यंत रांगेत उभी होती. दुपारी तिचा नंबर आला आणि पट्टी एकशे चोपन्न पॉइंट चारवर थांबली. नापास.

घरी येताना टेम्पोत सुनयनाला आनंद लपवावा लागत होता, रुतिकाला रडू. चांगदेव आरशातून एकदा हिच्याकडे बघत होता, एकदा तिच्याकडे.

घरात पाय टाकताच त्याने धोंडूबाईच्या शिवणाच्या डब्यातली कापडी टेप काढली. रुतिकाला भिंतीला उभी केली, टेपचं टोक तिच्या टाचेपाशी दाबून धरलं आणि वरचा आकडा वाचला. एकशे छपन्नला जरासं कमी!

"बघितलंस?" तो ओरडला. "दीड सेंटिमीटर खाल्लं पोरीचं!"

"पप्पा, तिकडं मशीन असतं," रुतिका म्हणाली. "मॅडम बसलेली होती. कशाला खाईल ती?"

"म्हनजे कोनीतरी चारलं असंल."

आणि तो तसाच शेजारच्या दारात गेला. पुतळा कोलंबी सोलत बसली होती.

"पुतळे, किती दिलंस?"

"कसलं किती?"

"मोजनाऱ्यांना. दोगी येकाच उंचीच्या. येक पास, येक नापास. कसं झालं?"

पुतळाचे हात थांबले. "दादा, माझ्याकडं द्यायला हाय काय? आन् असतं तरी तुझ्या पोरीचं माप कमी करायला मी पैसं देईन?"

"तुझीचं वाढवायला दिलं असशील."

सुनयना आतून बाहेर आली होती. "मामा," एवढंच म्हणून ती थांबली. पुतळाने कोलंबीचं भांडं उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं. दोन्ही घरांमधलं ते दार दिवसा कधीच बंद नसायचं.

फेरमोजणीसाठी अर्ज करता येतो, हे रुतिकाला माहीत होतं. चांगदेवला मात्र नुसता अर्ज नको होता, त्याला तक्रार करायची होती. नावानिशी, कडक मराठीत. म्हणून रुतिका त्याला संध्याकाळी नेरूळला क्रांती मॅडमकडे घेऊन गेली. बारावीपर्यंत तिला फिजिक्स त्यांनीच शिकवलं होतं. मूळच्या त्या जालन्याकडच्या. बोलणं शांत, पण प्रश्न नेमका विचारायच्या.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, छपन्न कशानं भरली?"

चांगदेवने खिशातून टेप काढून दिली. मॅडमनी तिचं टोक बोटात धरून उजेडाकडे नेलं. टोकाचं पितळ कधीच गळून पडलं होतं आणि त्यासोबत पट्टीही दीडेक सेंटिमीटर फाटून गेली होती.

"ही टेप शून्यापासून सुरूच होत नाही. तुम्ही जिथं शून्य धरलं, तिथं दीड आहे. हिनं काहीही मोजा, दीडनं जास्तच येणार."

चांगदेवने टेप परत घेतली. त्याचा चेहरा उतरला, पण संशय उतरला नाही. "मंग तुमी मोजा."

मॅडमनी पोलादी टेप भिंतीला सरळ लावली, रुतिकाच्या डोक्यावर लाकडी गुण्या टेकवला. तीनदा मोजलं आणि दरवेळी तिला बाजूला करून पुन्हा उभं केलं. चोपन्न पॉइंट सहा. चोपन्न पॉइंट तीन. चोपन्न पॉइंट पाच.

"तीन वेळा तीन आकडे!" चांगदेव म्हणाला. "तुमीच सांगा, याच्यात खरा कोनता?"

"आता तुम्ही मोजा."

त्याने मोजलं. चोपन्न पॉइंट आठ. पुन्हा मोजलं. चोपन्न पॉइंट चार.

मॅडम त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "काका, तुमचंच तुमच्याशी जुळत नाही. तुम्ही कोणाकडून पैसे घेतले?"

रुतिकाने मान खाली घातली.  आजवर हा प्रश्न चांगदेवनेच लोकांना विचारला होता. त्याला तो कोणी विचारला नव्हता.

मग मॅडमनी सावकाश सांगितलं. केस कधी जास्त दाबले जातात, कधी कमी. पोरगी कधी ताठ उभी राहते, कधी सैल. बघणाऱ्याचा डोळा रेघेच्या जरा वर असतो, जरा खाली असतो. म्हणून कुठलंही माप म्हणजे एक ठिपका नसतो, थोडा पट्टा असतो. अमुक इतकं, आणि त्यात थोडं इकडंतिकडं. "फरक पडला म्हणजे कोणी खाल्लंच असं नसतं. कोणीच खोटं न बोलता फरक पडू शकतो."

"आन् सुनयनाचं? तो फरक तर आठ मिलिमीटरचा हाय. तो पन मोजनाऱ्याच्या हाताचा?"

"तिला कधी मोजलं?"

"सकाळी."

"आणि रुतिकाला?"

"दुपारी. चार-पाच तास उभी होती रांगेत."

"मग तो हाताचा नाही," मॅडम म्हणाल्या. पाठीच्या मणक्यांच्या मध्ये गादीसारख्या मऊ चकत्या असतात. दिवसभर उभं राहिलं की त्या दबतात, रात्री आडवं झालं की परत फुगतात. माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असू शकतो.

चांगदेवला हे काही पटलं नाही. "मानूस काय इडली हाय, रातभर फुगायला?"

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. टेप, गुण्या घेऊन जा आणि स्वतः बघा."

तक्रार तशीच राहिली. साधा अर्ज तेवढा गेला.

दुसऱ्या दिवशी मासळीला निघण्याआधी त्याने रुतिकाला उठवलं. टाचा उचलत असेल म्हणून टाचेखाली हात घालून बघितला. पंचावन्न पॉइंट तीन. परत पंचावन्न पॉइंट एक. संध्याकाळी तीच पोरगी, तीच भिंत, चोपन्न पॉइंट पाच. टेपमध्येच काही असेल म्हणून त्याने सुताराची टेप आणली. तिनेही तेच सांगितलं. पोरगी मुद्दाम करत असेल म्हणून त्याने धोंडूबाईला गुण्या धरायला लावून स्वतःलाच मोजलं. सकाळी आणि संध्याकाळी. दिवसभर खोकी उचलून आलेला चांगदेव सकाळच्या चांगदेवपेक्षा बोटाच्या रुंदीएवढा आखूड भरला.

"आता ह्ये कोनी खाल्लं?" धोंडूबाईने विचारलं.

चांगदेवने टेप गुंडाळली. भिंतीच्या पलीकडे सुनयना कुकर लावत होती, तो आवाज त्याला ऐकू येत होता.

फेरमोजणीला सकाळची वेळ मिळाली. रुतिका म्हणाली, "मी मागं गादी टाकून झोपूनच येणार." चांगदेवला नवीच शंका आली. त्याने मॅडमना फोन लावला. "मॅडम, ही लबाडी तर नाय ना?"

"सुनयनाला सकाळी मोजलं, तर तुमच्या पोरीलाही सकाळीच मोजतायत. ती उंची पण तिचीच आहे, काका. कोणाची उसनी आणलेली नाही."

टेम्पोच्या हौद्यात, कितीही धुतला तरी बोंबलाचा वास न गेलेल्या फळ्यांवर गादी टाकून पोरगी निजून गेली. चांगदेवने प्रत्येक खड्ड्याला ब्रेक मारला.

मैदानावर पालकांना दोरीच्या बाहेर उभं केलं होतं. तिथून त्याला मशीन दिसत होतं, पण आकडा दिसत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काट्याजवळ जाता येत नव्हतं. मोजणाऱ्या बाईंनी सरकती पट्टी खाली आणली, काहीतरी बोलल्या. रुतिकाने केसांचा अंबाडा सोडला. पुन्हा पट्टी, टाचा मागे, हनुवटी सरळ. मग तिसऱ्यांदा. त्या बाई कोण, कुठल्या, कोणाच्या ओळखीच्या, हे सगळे प्रश्न चांगदेवच्या जिभेवर आले आणि तिथेच राहिले.

रुतिका धावत आली. "पप्पा, चोपन्न पॉइंट नऊ, मग पंचावन्न पॉइंट एक, मग बरोबर पंचावन्न! दोनदा भरली म्हणून घेतलं!"

"तीन आकडे आलं?" त्याने विचारलं. मग तोच हसला. "बरं झालं. येकच आला असता तर मना संशय आला असता."

दुपारी तो जेट्टीवर गेला. आकाश नावाचा पोरगा तिथे बोटीला रंग देत होता. ब्रश न थांबवता त्याने विचारलं, "काका, आधी नापास, आता पास? किती सोडावं लागलं?"

"काय सोडलं नाय रे. सकाळी मोजली म्हनून भरली. मानूस सकाळी उंच असतो."

आकाशने डोळा मारला. "हां, हां. सांगू नका."

चांगदेवने मणके सांगितले, गाद्या सांगितल्या, स्वतःला मोजलं तेही सांगितलं. जितकं जास्त सांगत गेला, तितकं आकाशचं हसू रुंद होत गेलं. शेवटी चांगदेव निघाला.  कोणी काही घेतलेलं नसताना, दिलेलं नसताना, ते शब्द अंगाला कसे चिकटतात, ते त्याला आता कळलं.

पुतळाचं दार अर्धवट उघडं होतं. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"पुतळे, चुकलं माझं."

ती भाकरी थापत होती. तिने वर बघितलं नाही. "रुतिका सांगत होती. सकाळ-संध्याकाळचं कायतरी."

"हां. कोनी काय खाल्लेलं नवतं."

"त्ये मना त्याच दिवशी म्हाईत होतं, दादा. तुला टेप घेऊन फिरावं लागलं."

 भाकरी तव्यावर पडली. तिने त्याला आत ये म्हटलं नाही आणि दारही लावलं नाही. तो तसाच उभा राहिला.

"धावायची परीक्षा हाय दोगींची," ती म्हणाली. "नेशील ना?"

"नेईन."

"मंग जा आता. धोंडू वाट बघत असंल."