वरच्या पाण्याची बाटली

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाताना लोक आंबे नेतात. मी समुद्राचं पाणी नेलं. सुरतेकडच्या किनाऱ्यावरून नमुने घेऊन थेट पुण्याच्या प्रयोगशाळेत जायचं होतं. पण वडील, आमचे आबा, गेल्यानंतरची ही पहिली आखाजी. आई चोपड्याला एकटीच, म्हणून वाट वाकडी केली. सगळ्या प्रवासात जीव नमुन्याच्या थर्मोकोलच्या पेटीत अडकलेला. शेजारच्या बाईंनी पेटीवर पिशवी ठेवली तर मी त्यांच्यावर खेकसले.

समुद्राच्या अगदी वर, दुधावर साय धरते तसा, डोळ्यांना न दिसणारा थर असतो. मेलेल्या शेवाळातली चरबी, प्रथिनं वगैरे. त्यांच्या रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसऱ्याला पाणी नकोसं, म्हणून ते पृष्ठभागावरच मुक्काम करतात. लाटांना फेस येतो तो त्यांच्यामुळेच. काचेची पट्टी उभी बुडवायची, हळूच वर काढायची, चिकटलेलं पाणी निपटून घ्यायचं. कंबर मोडते तेव्हा कुठे एक बाटली भरते. बोटाचा तेलकटपणा लागला तरी नमुना वाया. त्यात त्या आठवड्यात शेवाळ फुललं होतं. ते पाणी आता पुढच्या वर्षीच मिळणार होतं आणि माझा प्रबंध त्यावरच अडला होता.

घरी पोचताच बाटली फ्रिजमध्ये ठेवली. वीज गेली की मी फ्रिजसमोर उभी. "हात लावू नको," असं आईला इतक्यांदा बजावलं की ती म्हणाली, "पानी शे का सोनं?"

सणाच्या सकाळी अंघोळ करून आले. गेलेलं माणूस आखाजीला पाणी प्यायला घरी येतं, म्हणून देवघरापाशी आबांच्या नावाची घागर मांडलेली होती, वर छोटं मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज. आईच्या हातात माझी बाटली होती, रिकामी.

"हे काय केलंस?" माझा आवाज चिरकला.

"आबासनी समुद्र कधी देखा नही," ती शांतपणे म्हणाली. "म्हनून त्यासना मडकाम्हा टाकं."

मला रडू आणि राग एकदमच आला. वर्षाचं काम मातीत गेलं, असं मी बोलूनही दाखवलं. तरी मन हिशेब करतच होतं: मडकं कोरं आहे, पाणी शोषेल, पण अर्धं तरी परत ओतता येईल का? मी डांगर बाजूला काढलं आणि मडकं उचललं.

एवढं काय आहे या पाण्यात म्हणून आईने बाटलीतला उरलेला थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. तिचा चेहराच बदलला. समुद्र खारा असतो हे तिला ठाऊक होतं. पण आपल्या बोअरच्या पाण्याइतकाच असेल, असं तिला वाटलं होतं.

"इतलं खारं?" ती खाली बसली. "इतला उन्हाळाना आबा येतीन. आते काय पेतीन?"

असं घाबरलेलं मी तिला आबांच्या आजारपणातही पाहिलं नव्हतं. माझ्या एका हातात मडकं होतं, दुसरा हात बाटलीकडे निघालेला. तो मागे घेतला. अंगणात जाऊन मडकं पालथं केलं. मातीवर फेस आला आणि बराच वेळ फुटेना. माठातलं गार पाणी मडक्यात ओतलं.

"काठोकाठ भर," आई आतून म्हणाली.