अर्धेलीच्या पाच कोंबड्या

मला कोंबड्या पाळायचा नाद लागला तो वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, आणि तो लावला माझ्या वहिनीने. मी महाडात शाळेत शिकवते. चवदार तळ्यापासून दोन गल्ल्या मागे घर आहे, घरामागे एक शेवगा आणि धुणं वाळत घालण्यापुरती जागा. नवरा म्हणायचा, तिथे अबोली लाव. मला फुलझाडांचा कंटाळा. पाणी घाला, खत घाला, आणि ती नुसती उभी. कोंबडी निदान आपल्यावर डाफरते तरी.

आमचं मूळ घर पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेवरच्या एका वाडीत. तिथे भाऊ शेती बघतो आणि बाकी सगळं वहिनी बघते. तिने मला तीन कोंबड्या अर्धेलीने दिल्या. म्हणजे कोंबड्या तिच्या, सांभाळायच्या मी, आणि पिल्लं वाढून मोठी झाली की निम्मी तिची, निम्मी माझी. आमच्या वाडीत बायकाबायकांत हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चाललाय. कागद नाही, साक्षीदार नाही. पण अर्धेलीत एकदा लबाडी केली की त्या बाईला पुन्हा कोणी कोंबडी देत नाही, आणि जिला अर्धेल मिळत नाही तिच्या दारात हळदीचं पान मागायलाही कोणी जात नाही. शिक्षा म्हणून हे कोणी बोलून दाखवत नाही, ते आपोआप होतं.

मी पडले मास्तरीण, त्यामुळे नादही मास्तरणीसारखाच केला. वही घातली. कुठली कोंबडी कधी खुडूक बसली, तिच्याखाली किती अंडी ठेवली, एकविसाव्या दिवशी किती फुटली, सगळं तारीखवार. मोबाइलवर व्हिडिओ बघितले. जनावरांच्या दवाखान्यात जाऊन मानमोडीच्या लशीची चौकशी केली. मानमोडी हा कोंबड्यांचा जुना वैरी, एकदा आला की खुराडंच्या खुराडं साफ करून जातो. लशीची कुपी शंभर कोंबड्यांची, एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, आणि माझ्याकडे कोंबड्या अकरा. अकरांसाठी शंभरांची कुपी फोडणं माझ्या जिवावर आलं. आसपासच्या चार घरांच्या कोंबड्या एकत्र आल्या की करू, असं मी दिवाळीपासून म्हणत होते. वाडीत गेले की मात्र बायकांना गोळा करून लशीचं महत्त्व सांगायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशातली गत.

मार्चमध्ये तळ्यावर माणसं येतात तेव्हा आमच्या घरी चार दिवस पाहुण्यांचा राबता असतो. त्या गडबडीत परसात काय चाललंय याकडे माझं लक्ष नव्हतं. पाहुणे गेले त्या दिवशी बघितलं तर तांबडी कोंबडी कोपऱ्यात पिसं फुलवून बसलेली, खाली हिरवी पातळ घाण. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची मान पिळवटून मागे गेली होती. दुपारी ती गेली. त्याच संध्याकाळी कबरी गेली. कुणाला विचारायची गरज नव्हती, माझ्याच वहीत लक्षणं लिहिलेली होती.

उरल्या नऊ, त्यांतल्या पाच वहिनीच्या वाट्याच्या. त्या मला याआधीच पोचवायच्या होत्या. मनात पहिला विचार आला तो हाच, की माझ्या मेल्या तर मरोत, तिच्या वाचल्या पाहिजेत. आमच्याकडे रीतच आहे ही. साथ आली की चांगल्या दिसणाऱ्या कोंबड्या करंडीत घालायच्या आणि दुसऱ्या गावी पाहुण्यांकडे पोचवायच्या. माझी आई हेच करायची, तिची आईही. या रीतीने कोंबड्या वाचत नाहीत, साथच गावोगाव पोचते, हे मी व्हिडिओत ऐकलं होतं. ऐकून वहीत लिहिलंही होतं, खाली रेघ मारून.

तरी मी पाच कोंबड्या पाय बांधून करंडीत घातल्या, वर जुनी साडी बांधली आणि एसटीत बसले. आज कोणी विचारलं की जाणतेपणी का केलंस, तर एवढंच सांगता येईल. त्या पाच जणी त्या सकाळी दाणे टिपत होत्या. मला त्या बऱ्या असायला हव्या होत्या, म्हणून त्या मला बऱ्या दिसल्या. पोलादपूरला उतरून वर जाणारी जीप पकडली. वाटभर मला आपण फार मोठं काम करतोय असं वाटत होतं.

वहिनीने करंडी उतरवून घेतली, एकेकीला पंखाखाली धरून वजन बघितलं, चोच उघडून आत बघितलं. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "बऱ्या हायत ना गो सगळ्या?"

"बऱ्या आहेत," मी म्हटलं.

एवढंच. चहा घेतला, आमसुलं बांधून घेतली आणि परतीची जीप धरली. घरी आले तेव्हा आणखी एक गेली होती.

दहा-बारा दिवसांनी भावाचा फोन आला. वाडीत मानमोडी आली होती. वीस-बावीस घरांची वाडी, प्रत्येक दारात पाच-सात कोंबड्या, आणि आता घराघरांतून बायका खड्डे खणत होत्या. मी विचारलं, आपल्या? तो म्हणाला, आपल्या सगळ्या गेल्या. मग म्हणाला, त्या टोकाच्या घरातलीने महिन्याभरापूर्वी मोटरसायकलवरून पिल्लं विकत फिरणाऱ्याकडून पिल्लं घेतली होती, तिनंच आणली ही पीडा.

टोकाच्या घरात एक बाई एकटी राहते. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली, आईबाप गेले, भाऊ मुंबईला. मोलमजुरी करते आणि कोंबड्या पाळते. वाडीतल्या निम्म्या बायकांच्या कोंबड्या तिच्याकडे अर्धेलीने असायच्या, कारण तिचा हात चांगला होता, तिच्याकडे पिल्लू मरायचं नाही. फोन ठेवताना मी "असेल बाई" म्हटलं. मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. दोष ठेवायला दुसरी जागा मिळाली होती.

त्या रविवारी मी वाडीत गेले. सकाळी विहारात वंदना झाली. पंचशील म्हणताना चौथ्या शीलावर, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज जरा खाली गेला असावा. माझ्याखेरीज कुणाच्या ध्यानात आलं नसेल. नंतर सगळे बाहेर ओट्यावर बसले आणि विषय कोंबड्यांचाच निघाला. ती टोकाच्या घरातली बाई पायरीच्या खाली उभी होती. दोघीतिघी तिला तोंडावर बोलल्या. ती म्हणत होती की माझी पिल्लं बरी हायत, पण तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. तेवढ्यात वाडीतला एक म्हातारा, ज्याला सगळे मानतात, माझ्याकडे वळला.

"बाई, तुमी शिकलेल्या. ह्यातलं तुमाला समजतं. तुमी सांगा, ह्यो रोग येतो कसा?"

मी उत्तर दिलं. वर्गात देते तसं, सावकाश आणि मुद्देसूद. "हा रोग आपोआप येत नाही. बाहेरून आणलेल्या पक्ष्यांतून येतो."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. ओट्यावरच्या सगळ्या माना पायरीखालच्या बाईकडे वळल्या, आणि मीही तिकडेच बघितलं. तिने पदर सावरला आणि घराकडे निघून गेली.

त्यानंतर मी पावसाळाभर वाडीत गेले नाही. शाळा, तपासणी, पाऊस, दरडी, कारणं हवी तेवढी होती. मुलांना मी दरवर्षी एक म्हण शिकवते, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. वाक्यात उपयोग करा. त्या वर्षी ती म्हण आली तेव्हा मी पान उलटून पुढे गेले. परसातलं खुराडं मोडून जाळलं. वही मात्र ठेवली होती. तिच्यात कबरी मेल्याची तारीख होती आणि करंडी नेल्याची तारीख होती, एकाखाली एक.

पाऊस ओसरल्यावर वहिनीचा निरोप आला की बायकांनी पुन्हा पिल्लं आणली आहेत, तू म्हणायचीस ती लस घेऊन ये. मी दवाखान्यातून कुपी घेतली, बर्फ घालून थर्मासमध्ये ठेवली आणि गेले. विहाराच्या अंगणात बायका पिल्लं घेऊन रांगेत बसल्या. मी एकेकाच्या डोळ्यात थेंब टाकत गेले. पंचाहत्तर पिल्लं झाली. लस उरली. मी विचारलं, टोकाच्या घरातली आली नाही का? एकजण म्हणाली, तिच्याकडं कुठली कोंबडी, तिला कोन देतंय.

दुपारी वहिनी परसात भांडी घासत होती आणि मी विसळत होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, वहिनी, मी कोंबड्या आणल्या तेव्हा माझ्याकडच्या दोन मेल्या होत्या.

तिचा हात थांबला नाही. "ठावं हाय मला. तू आनलेली काळी पैली गेली, तिसऱ्या दिशी. वाडीत तवर एक बी मेली नव्हती. मी उजाडायच्या आत त्या फणसाखाली पुरली." मग राखेचा हात झटकून म्हणाली, "आपल्या घरचं नाव कशाला काढू देऊ गो?"

सहा महिने तिला माहीत होतं. त्या रविवारी ओट्यावर ती माझ्या शेजारी बसली होती आणि माझं मुद्देसूद उत्तर ऐकत होती. मला तिचा राग आला. तिने मला वाचवलं होतं, आणि तरी राग तिचाच आला, इतकी मी हलकी आहे. भांडी तशीच टाकून मी टोकाच्या घरी गेले.

ती दारात सुपात वरी पाखडत होती. तिने जयभीम केला, सूप बाजूला ठेवून मला बसायला गोणपाट दिलं. मी बसले नाही. उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं: दोन मेलेल्या, करंडी, वहिनीला सांगितलेलं खोटं, आणि ओट्यावर बोलले ते कुणाला झाकायला बोलले ते. मला वाटलं होतं ती चिडेल, किंवा रडेल. माझी तयारी होती त्याची.

तिने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, "माझ्या सात बऱ्या होत्या, बाई. तीं पिल्लं बी बरी होतीं. एकीला काय झालं नव्हतं. पन तुमी बोललात ना त्या दिशी, मंग मला बी वाटलं, माझ्यातूनच गेलं आसंल. तुमी शिकलेल्या. घरी आले नि एकेकीची मान मुरगाळून पुरली. मनलं, आनखी कुनाच्या मरायला नकोत."

मी खाली बसले. 

मी म्हटलं, मी तुला कोंबड्या आणून देते. ती म्हणाली, "कोंबड्या नकोत. मला सांगून काय हुनार? जिथं बोललात थितं सांगा."

संध्याकाळी विहाराजवळ माणसं जमली तेव्हा मी ओट्यावर उभी राहिले. ती येऊन पायरीच्या खाली उभी राहिली, तेव्हा होती तिथेच. मी सांगितलं. वही नेली नव्हती, पण तारखा तोंडपाठ होत्या. फक्त काळी कुणी पुरली ते सांगितलं नाही. ते वहिनीचं होतं, असं मी मला समजावलं. बोलून झाल्यावर मला वाटलं, आता सुटले.

म्हातारा मान हलवत हसला. "बाई, तुमचं मन मोठं. आमाला ठावं हाय. पन एकट्या बाईची कीव आली मनून दुसऱ्याचा दोष आपल्या डोक्यावर कशापाय घ्यायचा?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाली, म्हणून तर लस घेऊन आल्या इतक्या लांब, नायतर कोन करतं. मी पुन्हा म्हटलं, अहो खरंच माझ्याच कोंबड्यांतून आली. जितकं जास्त म्हणत गेले तितका त्यांचा माझ्याविषयीचा आदर वाढत गेला. कुणाला पटेना, कारण त्यांनी बघितलं होतं ते एवढंच, की वाडीत पहिली मेलेली कोंबडी मी आणलेल्यांतली नव्हती.

ते खरं नाही हे सांगणारं तिथे एकच माणूस होतं. वहिनी खांबाला टेकून बसली होती आणि पदराच्या टोकाचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने वर बघितलं नाही. "वहिनी, तू सांग," एवढं म्हणायचं होतं. तिला त्या वाडीत जन्म काढायचा आहे, मला संध्याकाळच्या जीपने जायचं आहे, हे सगळं माझ्या मनात आलं. पायरीखालची बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं नाही.

ती वळून घराकडे गेली. कुणीतरी आतून आवाज दिला की बाईंना चहा द्या, आणि तो आला तेव्हा मी प्यायले.